पहिले पुस्तक कोणते?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. कोणते पुस्तक आधी वाचावे हे घरी विचारायची सोय नाही. गणित घेऊन बी. ए. करताना पुंज-क्षेत्र-सिद्धान्ताचे कुतूहल जागे झाले. मांडवीच्या समुद्रावरील लाट ही पाण्याचीच हालचाल. तसा इलेक्ट्रॉन हे सर्वत्र पसरलेल्या क्षेत्राचे स्पंदन, असे हा सिद्धान्त सांगतो.

प्रथम पेस्किन-श्रोडर यांचा १९९५ सालचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ उघडला. दहाव्या पानावर मिटला. वाटले, हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.

चूक निवडीची होती. झी यांचे पुस्तक (२००३) गप्पांच्या ओघात कल्पना देते. नवख्याने मात्र कोलकात्याच्या अमिताभ लाहिरी व पलाश पाल यांचे ‘अ फर्स्ट बुक ऑफ क्वांटम फील्ड थिअरी’ घ्यावे. ते आटोपशीर असून मजकुरातच जागोजागी स्वाध्याय आहेत. अर्थात पुंजयामिकी व विशिष्ट सापेक्षता आधी हवीच.

पारख सोपी आहे. पहिल्या प्रकरणातील एक स्वाध्याय सोडवून पाहावा. न सुटल्यास लंबकाच्या आंदोलनाच्या गणिताकडे परतावे. क्षेत्र म्हणजे अशा असंख्य आंदोलकांचाच मेळ. एक पायरी खाली उतरण्यात कमीपणा नाही, हे मला उशिरा कळले.