दुर्बिणीचीं भिंगें आणि समुद्राची हवा

अलिबागजवळच्या समुद्रांत खांदेरी बेटावर १८६७ सालीं बांधलेलें दीपगृह आहे. त्याच्या दिव्यापुढील काच स्वच्छ असेल, तरच नाविकाला वाट दिसावयाची. हाच न्याय आपल्या घरांतील दुर्बिणीला आणि परवानाधारक शेतकऱ्याच्या बंदुकीवर बसविलेल्या लहान दुर्बिणीलाहि लागू आहे. फरक इतकाच कीं, येथें मळापेक्षां मळ काढण्याच्या घाईनेंच अधिक हानि होते.

तें कसें, हें पाहूं. किनाऱ्यावरील वाळूंत गारगोटीचे कण असतात व गारगोटी काचेहून कठिण. धोतराच्या सोग्यानें किंवा पदरानें भिंग पुसलें, कीं तेच कण काचेवर घासले जाऊन सूक्ष्म ओरखडे उठतात. शिवाय हल्लींच्या भिंगांवर प्रकाशाचें परावर्तन कमी करणारा अत्यंत पातळ लेप असतो. ही युक्ति १९३५ सालीं जर्मनींतील त्साइस कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञानें काढली. हा लेप एकदां खरवडला, कीं घरीं पुन्हां चढवितां येत नाहीं. यास्तव राख, रांगोळी किंवा दंतमंजन यांचा विचारहि मनांत आणूं नये.

दुर्बीण बंदुकीवरील असेल, तर सर्वांआधीं बंदूक रिकामी असल्याची खात्री परवानाधारकानें स्वतः करून घ्यावी. मग प्रथम रबरी फुंकणीनें धूळ उडवावी. तोंडानें फुंकूं नये, कारण थुंकीचे तुषार पडतात. नंतर मऊ केसांच्या कोऱ्या कुंचल्यानें, दाब न देतां, उरलेले कण झाडावे. खाऱ्या हवेचा थर बसला असल्यास ऊर्ध्वपातित जलांत किंचित् ओला केलेला कापूस त्यावर हलकेच टेकवावा. मीठ पाण्यांत विरघळतें, स्पिरिटांत जवळजवळ विरघळत नाहीं. बोटांचा तेलकट डाग मात्र नुसत्या पाण्यानें जात नाहीं. त्याकरितां भिंगांसाठींच मिळणाऱ्या द्रावणाचे एकदोन थेंब मऊ कापडावर घ्यावे, भिंगावर ओतूं नयेत. मध्यापासून कडेकडे गोल पुसत जावें आणि प्रत्येक वेळीं कापडाची कोरी बाजू घ्यावी. बंदुकीची नळी साफ करतांना भिंगांवर झांकणें असावींत. तेल तेथें उडतां कामा नये.

परंतु कोंकणांत खरा शत्रु पावसाळा होय. अलिबागेस वर्षाकाठीं सुमारें २००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दमट हवेंत, अंधाऱ्या चामडी पेटींत ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते व तिच्या आम्लानें लेप आणि काच कायमचीं खराब होतात. बुरशी आंतल्या बाजूस दिसल्यास दुर्बीण घरीं उघडूं नये. पुष्कळ दुर्बिणींत कोरडा नायट्रोजन वायु भरून सांधे बंद केलेले असतात. ती जाणत्या कारागिराकडेच द्यावी. ही वेळ येऊं नये म्हणून दुर्बीण पूर्ण कोरडी करून हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी व पुड्या ओलावल्या, कीं बदलाव्या.

भिंगावर धुळीचा एखादा कण राहिला, तरी पाहण्यास फारशी बाधा येत नाहीं. ओरखडा मात्र जन्माचा राहतो. म्हणून वारंवार पुसण्यापेक्षां नेहमीं झांकून ठेवणें, हेंच शहाणपणाचें.