जाळी, काच आणि झोपलेला वाघ : प्राणिसंग्रहालयातल्या फोटोंविषयी काही गैरसमज

प्राणिसंग्रहालयातून परतताना फोटो काढणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जाळी आडवी आली, काच चमकली, प्राणी झोपूनच होता. खापर फुटते ते कॅमेऱ्यावर किंवा पिंजऱ्यावर. खरे तर यांतल्या बहुतेक अडचणींवर साधे उपाय आहेत; आड येतात ते आपले समज.

गैरसमज : जाळी आली की फोटो वाया गेला.

वस्तुस्थिती : जाळी फोटोतून घालवता येते. ३०० मिमीची लेन्स एफ ५.६ वर ठेवली की तिचे छिद्र सुमारे ५४ मिमी रुंद असते, ३००ला ५.६ने भागून पाहा. तीन मिमीची तार एवढ्या रुंद छिद्रासमोर इतकी धूसर होते की दिसतच नाही, फक्त थोडा उजेड अडवते. त्यासाठी कठड्याबाहेर राहूनच जाळीच्या जमेल तितके जवळ जावे, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि प्राणी जाळीपासून दूर, आत गेला की शटर दाबावे. तारेवर ऊन असेल तर ती पांढुरकी होऊन सगळ्या फोटोवर धुंदी पसरवते, म्हणून जाळीचा सावलीतला भाग शोधावा. फोकसचा एकच बिंदू निवडून तो प्राण्याच्या डोळ्यावर ठेवावा. नाहीतर कॅमेरा आधी जाळीच पकडतो.

मोबाइलचे गणित वेगळे. त्याच्या मुख्य लेन्सचे छिद्र जेमतेम तीन-चार मिमीचे, म्हणजे जवळपास तारेएवढेच. तिथे तार विरून जात नाही. दोन तारांमधल्या मोकळ्या जागेतून लेन्सला पलीकडचे दिसेल, असा मोबाइल धरावा लागतो. कठड्यामुळे ते जमत नसेल तर जाळीऐवजी खंदक असलेल्या आवारांकडे वळावे.

गैरसमज : काचेमागे अंधार असेल तर फ्लॅश मारावा.

वस्तुस्थिती : फ्लॅशचा उजेड काचेवर आपटून परत येतो आणि फोटोत पांढरा डाग उरतो. शिवाय अचानक पडलेल्या झोताने प्राणी बिचकू शकतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन काचेआडच पाहायला मिळतात. अशा ठिकाणी रबरी हूड लावून लेन्स काचेला अलगद टेकवावी, म्हणजे मागच्या गर्दीचे आणि दिव्यांचे प्रतिबिंब आत शिरत नाही. मोबाइलही तसाच टेकवावा. गडद रंगाचे कपडे घातले तर आपले स्वतःचे प्रतिबिंबही कमी पडते. पोलरायझर फिल्टरवर मात्र फार भिस्त ठेवू नये. काचेकडे तिरपे, लंबापासून साधारण ५५ अंशांवरून पाहिले तरच तो नीट काम करतो. समोरून त्याचा उपयोग जवळपास नाही, आणि उजेड मात्र निम्म्याहून अधिक खातो.

गैरसमज : आयएसओ वाढवला की फोटो बिघडतो.

वस्तुस्थिती : दाणेदारपणा नंतर संगणकावर कमी करता येतो, हललेला प्राणी मात्र स्थिर करता येत नाही. लेन्समधले स्थिरीकरण आपल्या हाताचा थरकाप आवरते, प्राण्याची हालचाल नाही. पोहणाऱ्या पेंग्विनसाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके किंवा त्याहून वेगवान हवे. त्यासाठी आयएसओ ३२०० करावा लागला तरी बिनदिक्कत करावा.

गैरसमज : हाका मारल्या, शिट्टी वाजवली की प्राणी छान पोझ देतो.

वस्तुस्थिती : फार तर तो दचकून मान वळवतो, नाहीतर पाठ फिरवून आत जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या कलम ३८ जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे किंवा आवाज करून त्रास देणे हा गुन्हा आहे. वाघ झोपला असेल तर झोपू द्यावा. सकाळी दारे उघडताच, उन्हे चढण्याआधी पोचावे आणि दहा पिंजरे धावतपळत पाहण्यापेक्षा एकाच आवारासमोर थांबावे. थोड्या वेळात त्याची येण्याजाण्याची वाट कळते. मग तो उजेडात येईल तिथे फोकस आधीच लावून ठेवता येतो.

गैरसमज : उरलेली जाळी नंतर एआयने पुसता येते.

वस्तुस्थिती : फोटो कातरणे, उजेड-सावली सारखी करणे यात काही गैर नाही. पण तार पुसणारे एआय तिच्यामागचे पट्टे अंदाजाने भरते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. कॅमेरा ट्रॅपमधले वाघ अभ्यासक त्यांवरूनच ओळखतात. अंदाजाने पट्टे रंगवलेला वाघ म्हणजे अस्तित्वातच नसलेला वाघ.

गैरसमज : जाळी दिसत नसेल तर तो जंगलातला फोटो म्हणून चालतो.

वस्तुस्थिती : लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० साली पुरस्कार काढून घेतला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण निर्णय कायम राहिला.

प्राणिसंग्रहालयातला फोटो कमी प्रतीचा नसतो. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पेंग्विन भायखळ्याला जाऊन टिपण्यात कमीपणा कसला? फोटोखाली प्राण्याच्या नावासोबत प्राणिसंग्रहालयाचेही नाव लिहावे. जाळी चौकटीबाहेर ठेवणे हे कसब आहे. ती होती हे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. चांगल्या फोटोला दोन्ही लागतात.