मांडीमागील मज्जातंतु व त्याच्या निरनिराळ्या वाटा

शाळेच्या भिंतीवर टांगलेला मानवी शरीराचा नकाशा आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. त्यांतील रेषा इतक्या निश्चित असतात कीं, प्रत्येकाचें शरीर आंतून अगदीं तसेंच असावें, असें आपण धरून चालतों. वस्तुतः तो बहुसंख्यांचा नकाशा आहे, सर्वांचा नव्हे. कंबरेंतून मांडीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या बाबतींत हा भेद विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे.

आपल्या शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु म्हणजे ‘सायटिक’ मज्जातंतु. कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून व त्रिकास्थीपासून निघणाऱ्या पांच मुळ्या एकत्र येऊन तो बनतो. उगमाजवळ त्याची रुंदी सुमारें २ सेंटिमीटर असते. नितंबाच्या आंत ‘पिरिफॉर्मिस’ नांवाचा, नासपतीच्या आकाराचा एक स्नायु आडवा पसरलेला आहे. त्याच्या खालून निघून हा मज्जातंतु मांडीच्या मागील बाजूनें उतरतो व बहुधा गुडघ्याच्या वर त्याचे दोन फांटे होतात. हा झाला नकाशांतला मार्ग.

परंतु १९३७ सालीं बीटन व अ‍ॅन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं या मज्जातंतूचे व स्नायूचे परस्परसंबंध सहा प्रकारांत मांडले. शंभरांतील सुमारें ८५ ठिकाणीं वर सांगितलेलाच मार्ग आढळतो. उरलेल्यांपैकीं बहुतेकांत मज्जातंतु नितंबांतच दुभंगतो. एक फांटा स्नायूस भेदून येतो, तर दुसरा त्याच्या खालून. क्वचित् एक फांटा स्नायूच्या वरून जातो. आणि सबंध मज्जातंतु स्नायूच्या पोटांतून गेल्याचीं उदाहरणें तर फारच विरळा. एकाच मनुष्याच्या डाव्या व उजव्या बाजूही सारख्या असतीलच असें नाहीं.

मणक्यांचेंही तसेंच. कंबरेचे मणके सामान्यतः ५. पण कांहींजणांत ते ४ अथवा ६ दिसतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं शल्यवैद्य क्ष-किरणचित्रावर मणके काळजीपूर्वक मोजतात. मोजणींत एकाची चूक झाली, तर शस्त्र भलत्याच जागीं चालावयाचें.

नितंबापासून पोटरीपर्यंत कळा येणाऱ्या व्याधीला आपल्याकडे गृध्रसी म्हणतात. चरकसंहितेंत तिचें वर्णन आहे. १९३४ सालीं मिक्स्टर व बार यांनीं दाखवून दिलें कीं, दोन मणक्यांमधील गादी बाहेर सरकून मुळीवर दाबली गेली म्हणजे ही व्यथा उद्भवते. तेव्हां साहजिकच प्रश्न येतो : ज्याचा मज्जातंतु स्नायूंतून जातो, त्याला ही व्यथा अधिक व्हावयास नको काय? तर्क सरळ वाटतो. पण पुरावा त्याला साथ देत नाहीं. २०१० सालीं सहा हजारांहून अधिक शवांच्या नोंदी एकत्र तपासण्यांत आल्या. निराळी रचना त्यांत शेंकडा १७ च्या सुमारास आढळली. आणि स्नायूच्या दाबामुळें शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांतही तें प्रमाण जवळजवळ तितकेंच होतें. सारांश, निराळेपणा म्हणजे रोग नव्हे.

मग गृहस्थाश्रमी माणसानें यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट, नितंबांत सुई टोचावयाची झाल्यास ती वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशांत टोचतात, तें या मज्जातंतूस वांचविण्यासाठीं. तो आंत कोठून गेला आहे हें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून हें काम शिकलेल्या हातानेंच व्हावें. दुसरी गोष्ट, कंबरेंत उसण भरली कीं पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. गादी सरकलेली असल्यास असा आघात घातक ठरूं शकतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट : कंबरदुखीबरोबर पाऊल लुळें पडलें, गुह्यभागीं बधिरता आली किंवा मलमूत्रावरचा ताबा सुटला, तर तेल चोळीत रात्र काढूं नका, त्याच घटकेस रुग्णालय गांठा. तेथें गेलेला एकेक तास मोलाचा असतो.