वेसाव्यापलीकडचे मढ

अंधेरी पश्चिमेकडे मेट्रोचा मार्ग जिथे संपतो, त्याच्याही पुढे, वेसावे कोळीवाड्याच्या टोकाला, मालाड खाडीच्या मुखाशी एक लहानसा धक्का असून तेथून सुटणारी फेरीबोट अवघ्या काही मिनिटांत प्रवाशांना मढच्या किनाऱ्यावर उतरवते. हेच अंतर रस्त्याने कापायचे झाल्यास मालाड, मालवणी आणि मार्वे असा खाडीला लांबलचक वळसा घालावा लागतो. मढला सर्वजण बेट म्हणत असले, तरी आज ते उत्तरेकडून जमिनीला जोडलेले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी आणि तिवरांची दाटी, तर दक्षिणेला खाडीचे मुख अशी त्याची रचना असल्यामुळे भूगोलाच्या परिभाषेत त्याला द्वीपकल्प, म्हणजे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग, म्हणणे योग्य ठरेल. तरीही बोटीने येणाऱ्याला ते बेटच भासते, आणि म्हणूनच पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याने शक्यतो रस्त्याने न येता बोटीनेच यावे.

या बोटीत मोटारसायकली, माशांच्या टोपल्या, शाळकरी मुले आणि चित्रीकरणासाठी मढच्या बंगल्यांकडे निघालेली माणसे शेजारीशेजारी उभी असतात. वेसावे आणि मढ यांना जोडणारा पूल बांधण्याची महापालिकेची योजना आहे. तो झाल्यावर रहिवाशांचा वेळ आणि रुग्णांची धावपळ वाचेल यात शंका नाही, परंतु बोटीचे काय होईल हा प्रश्न तितकाच खरा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील निसर्गरम्य स्काय बेटाला 1995 मध्ये पूल मिळाला, तेव्हा त्याच जागची जुनी फेरी बंद पडली. मात्र त्याच बेटाला ग्लेनेल्ग गावाशी जोडणारी दुसरी एक लहान बोट स्थानिक लोकांनी स्वतःच्या मालकीची करून चालू ठेवली आणि आज ती प्रवाशांचे मोठे आकर्षण ठरली आहे. वेसाव्याच्या बोटीचा विचारही केवळ दळणवळणाचे साधन म्हणून न होता, पूल झाल्यानंतरही टिकवण्याजोगा ठेवा म्हणून व्हायला हवा.

मढला उतरल्यावर प्रथम कोळीवाडा लागतो, आणि बहुतेक पर्यटक जो भाग घाईने ओलांडून समुद्रकिनाऱ्याकडे वळतात, तोच वस्तुतः सर्वाधिक पाहण्याजोगा आहे. पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत येथे आणि शेजारच्या भाटी गावात बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगली जाते, त्यामुळे खिळा वा धागा न वापरता हजारो मासे वाऱ्यावर सुकतात. बोंबील पकडण्यासाठी डोल हे जाळे वापरतात, जे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेले पिशवीच्या आकाराचे जाळे असते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासे त्यात आपोआप शिरतात. साहजिकच अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा प्रवाहाचा जोर वाढतो, ज्याला कोळी बांधव उधाण म्हणतात, तेव्हा डोलीत मासळी अधिक येते, तर अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ती घटते. ताजे बोंबील खाण्याच्या इच्छेने मढला जाणाऱ्याने म्हणूनच सुट्टीच्या वारापेक्षा तिथी पाहावी हे बरे. वलांडीवरील मासळी हा कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचा भाग असतो, तेव्हा छायाचित्र घेण्यापूर्वी तिथल्या बाईला विचारणे एवढे सौजन्य प्रत्येकाने पाळावे.

गावातील हरबादेवीचे मंदिर पाहून दक्षिणेच्या टोकाकडे गेल्यास मढचा किल्ला लागतो. पोर्तुगिजांनी खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यासाठी बांधलेला हा किल्ला 1739 मध्ये, चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील वसई मोहिमेच्या काळात, मराठ्यांनी घेतला आणि 1774 मध्ये साष्टी बेटाबरोबर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. आज तो भारतीय वायुदलाच्या अखत्यारीत असल्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तथापि बाहेरील तटबंदी, बुरूज आणि जवळचे किल्लेश्वराचे मंदिर एवढ्यासाठीही तेथवर जाणे सार्थकी लागते.

किल्ल्याकडून उत्तरेला निघाल्यावर एरंगळ गाव येते. तेथे समुद्राच्या अगदी काठावर सेंट बोनाव्हेंचरचे पोर्तुगीजकालीन चर्च उभे असून जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरणाऱ्या तिथल्या जत्रेला ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने जातात. पुढच्या दानापाणी आणि अक्सा या किनाऱ्यांवर सूर्यास्त पाहावा, वाळूत चालावे, परंतु अक्सा येथे पोहण्यास उतरू नये. तिथली पाण्याची ओढ फसवी असून आजवर अनेकांचे प्राण तिच्यात गेले आहेत, आणि जीवरक्षकांच्या सूचना डावलणे हे धाडस नव्हे.

जेवणाबाबत या परिसरात दोन परंपरा शेजारीशेजारी नांदतात. पहिली कोळ्यांची: तांदळाची भाकरी, चिंबोरीचे कालवण, कोळी मसाल्यातली कोलंबी, तिसऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि अर्थातच तळलेले बोंबील. बोंबलात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो चिरून, दडपणाखाली ठेवून पाणी निथळू देतात आणि मगच तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. हा वेळ न दिलेला बोंबील तव्यावर मऊ पडतो, त्यामुळे चांगल्या खाणावळीची परीक्षा याच एका पदार्थावर करावी. दुसरी परंपरा ईस्ट इंडियन समाजाची, म्हणजे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या, पण मराठी बोली आणि चालीरीती जपलेल्या येथील मूळ रहिवाशांची. 1887 मध्ये या समाजाने आपली संस्था स्थापन करून हे नाव अधिकृतपणे स्वीकारले. वीसहून अधिक जिन्नस भाजून उन्हाळ्यात कुटलेला आणि गडद काचेच्या बाटल्यांत भरून ठेवलेला बॉटल मसाला, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मांसाचे इंद्याल आणि फुग्यासारखे टम्म फुगणारे तळलेले फुगिया हे त्यांच्या सणावारांचे पदार्थ होत. ते हॉटेलांच्या यादीत क्वचितच आढळतात. गावातील घरगुती स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांकडे आदल्या दिवशी मागणी नोंदवली, तर मात्र त्यांची खरी चव मिळते. वेसाव्याला जानेवारीच्या सुमारास होणारा कोळी सीफूड महोत्सव ही दुसरी संधी होय, कारण तेथे कोळणी स्वतः चुलीपाशी उभ्या असतात.

1 जून ते 31 जुलै या काळात प्रजननासाठी यांत्रिक मासेमारीवर बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून ताज्या मासळीच्या अपेक्षेने त्या दोन महिन्यांत जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात अनुकूल. बोटीची वेळ चुकल्यास मढ जेट्टी ते मालाड स्थानक अशी बेस्टची 271 क्रमांकाची बस आहे. ज्यांच्याकडे संपूर्ण दिवस आहे, त्यांनी मात्र परतीला मागे न फिरता मार्वेहून दुसऱ्या बोटीने मनोरी गाठावे, तेथून गोराईला 8 फेब्रुवारी 2009 रोजी खुला झालेला, आत एकही खांब नसलेल्या भव्य घुमटाखाली सुमारे आठ हजार साधकांना एकत्र बसता येईल असा विपश्यना पॅगोडा पाहावा आणि तिसऱ्या बोटीने गोराईची खाडी ओलांडून बोरिवलीला उतरावे. अंधेरीहून बोरिवलीला लोकलने वीसएक मिनिटांत पोहोचता येते. बोटींच्या या वाटेने मात्र सकाळ ते संध्याकाळ लागते, आणि वाटेत वेसावे, मढ किंवा भाटी येथून घेतलेले सुके बोंबील व सोडे पिशवीत नीट बांधून घ्यावेत, कारण त्यांचा वास लोकलच्या डब्यात लपत नाही.