उबवणीची अंडी परराज्यातून मागवताय? आधी हे तपासा

मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज महाराष्ट्रातही कडकनाथची उबवणीची अंडी मागवून घरच्या इन्क्युबेटरमध्ये पिलं काढणारे तरुण आणि बचत गटातल्या महिला आहेत. अंडी म्हणजे काय, ट्रेमध्ये भरली आणि पाठवली, असं अनेकांना वाटतं. पण जानेवारी २०२१ मध्ये झाबुआतल्याच एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात आपल्याकडे परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातही तो आढळला.

अंड्यातून रोग येतो का?

हो, येतो. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे रोग कोंबडीकडून थेट अंड्यात आणि तिथून पिलात उतरतात. बर्ड फ्लू झालेल्या कोंबडीच्या अंड्यावर आणि आतही विषाणू असू शकतो. वरून अंडं स्वच्छ दिसतं, त्यामुळे डोळ्यांनी काही कळत नाही.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांसाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली राज्य सरकार एखादा भाग ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करून तिथली ने-आण थांबवू शकतं. बर्ड फ्लू निघाला की साधारण १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात, अंडी आणि खाद्य नष्ट होतं. १० किलोमीटरपर्यंत पाळत असते. अशा वेळी शेजारची राज्यंही सीमेवर माल अडवतात. तुमची अंडी निरोगी असली तरी गाडी नाक्यावर थांबली की उष्णतेने ती वाया जातात.

मग करायचं काय?

- ऑर्डर देण्याआधी दोन्ही जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन कार्यालयात बंदी आहे का, ते विचारा.
- विकणाऱ्याकडून सरकारी पशुवैद्यकाचा ताजा आरोग्य दाखला आणि पक्क्या पत्त्याचं बिल घ्या. दोन्ही मालासोबत ठेवा.
- जुने ट्रे नकोत. अंडी शक्यतो ७ दिवसांच्या आतली हवीत, निमुळतं टोक खाली ठेवून भरलेली.
- निघालेली पिलं काही आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा.

लपवाल तर नुकसान तुमचंच

कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितकी भरपाई कमी.

२००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छल तालुक्यातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. विषाणू राज्याची सीमा बघत नाही. दाखला मागायला दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, कारण त्यावर तुमच्यासोबत शेजाऱ्याचीही रोजीरोटी अवलंबून आहे.