टायरची जन्मतारीख

जळकोटहून उदगीरला जाऊन यायचं तर गोटा झालेल्या टायरवरही गाडी निभावून जाते. गतिरोधक, खड्डे, मध्येच आडवी येणारी जनावरं, यांमुळे वेग फारसा चढतच नाही. तीच गाडी लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या कामासाठी जालन्यापुढे समृद्धी महामार्गाला लागते आणि ताशी १२० किलोमीटरने न थांबता पळते, तेव्हा त्या टायरचा कस लागतो.

या महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पुढे ‘टायर फुटला’ हे अपघातांच्या बातम्यांतलं नेहमीचं वाक्य झालं. २०२३ मध्ये टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात झाली, ते योग्यच झालं. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीत मात्र तशा खुणा मिळाल्या नाहीत. टायर फुटणं हा नशिबाचा भाग, त्यात कोणाचा दोष नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की हे कारण लगेच पुढे येतं. पण टायर बहुतेक वेळा आधी इशारा देतो. बाजूला फुगा येतो, चिरा पडतात, तार दिसू लागते.

घात करते ती उष्णता. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त वाकते आणि आतून तापत जाते. वर मराठवाड्यातला मे महिना आणि खच्चून भरलेली गाडी.

पावसाळ्यात धोका वेगळा. टायरच्या खोबणी पाणी बाहेर काढतात. त्या झिजल्या की चाक पाण्यावर तरंगतं, ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहते. कोरड्या डांबरावर हाच टायर रस्ता नीट धरतो, म्हणून मालक गाफील राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खोबणीच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

नक्षी शाबूत असली तरी वय लपत नाही. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘गाडी फिरलीच कुठे?’ असं म्हणत दारात उभ्या ठेवलेल्या गाडीचं रबरही उन्हाने, हवेने कडक होतं. न वापरलेली स्टेपनीही अशीच म्हातारी होते. मिशेलिन कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी बदल सुचवते.

ऐपत दोनच टायरची असेल तर नवी जोडी मागे बसवावी. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगला कळतं आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते. बसवणाऱ्याला हे आधीच सांगावं, कारण नवे टायर पुढे टाकायची सवय जुनी आहे.