खाजणातल्या शेकाट्यासाठी लेन्स निवडताना

पेण सोडून वडखळच्या बाजूने खारेपाटात उतरलं आणि थंडीच्या दिवसांत ओहोटीची वेळ साधली, की बांधावरून एक सुंदर दृश्य दिसतं. उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, उथळ पाण्यात लाल लांब पायांचे शेकाटे चालत असतात, तुतवार शेपटी हलवत चिखल टोचत असतात. आपण हौसेने फोटो काढतो. घरी येऊन पाहतो तर चिखलच चिखल आणि मधे एक पांढरा ठिपका. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ लेन्सकडून याहून जास्त होणार नाही. मग टेलिफोटो झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी आणि कमी-जास्त करता येणारी लेन्स घ्यायचं मनात येतं.

कॅमेऱ्याच्या कंपनीची अशी लेन्स महाग पडते, म्हणून बरेच जण थर्ड पार्टी लेन्सकडे वळतात. कॅमेरा एका कंपनीचा आणि लेन्स दुसरीची, एवढाच याचा अर्थ. सिग्मा आणि टॅमरॉन या दोन जपानी कंपन्यांची नावं यात आधी येतात. त्यांच्या लेन्स उत्तम असतात, पण निवडताना चुकायच्या जागाही बऱ्याच आहेत. म्हणून एकेक पायरी सावकाश पाहू.

पहिली पायरी दुकानात नाही, घरातच होते. आपल्याला कशाचे फोटो काढायचेत ते एका कागदावर लिहा. खारेपाटातले पाणपक्षी? रोह्याच्या पुढे फणसाडच्या जंगलातला शेकरू? की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात निघणारी धावीर महाराजांची पालखी आणि तिला पोलीस देतात ती मानवंदना? या तिन्हींना लागणारी लेन्स वेगवेगळी आहे. एकच लेन्स सगळं करील या आशेने घेतलेली लेन्स यातलं एकही काम धड करत नाही.

दुसरी पायरी माउंटची. माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे फिरवून बसवतो ती धातूची कडी. निकॉनच्या जुन्या, आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांना एफ आणि नव्या, बिनआरशाच्या मिररलेसना झेड, कॅननला ईएफ आणि आरएफ, सोनीला ई. लेन्सचं नाव तेच असलं तरी ती प्रत्येक माउंटसाठी वेगळी बनते, त्यामुळे 'सिग्माची १५०-६०० द्या' एवढं सांगून भागत नाही. कॅननने २०२४ साली सिग्मा आणि टॅमरॉनला आरएफसाठी वाट मोकळी केली, ती लहान सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणारी चकती लहान असलेल्या, कॅमेऱ्यांच्या लेन्सपुरती. म्हणून आरएफ कॅमेरा असलेले बरेच पक्षीवाले ईएफ माउंटची लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून वापरतात. लेन्समधलं सॉफ्टवेअर ताजं असेल तर ते बहुधा व्यवस्थित चालतं.

याच पायरीवर सर्वात जास्त लोक फसतात, म्हणून इथे जरा थांबू. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. टॅमरॉनची स्वस्त ७०-३०० मॅक्रो लेन्स निकॉनसाठी दोन्ही प्रकारांत निघाली, आधी मोटर नसलेली, नंतर मोटर असलेली. जुन्या बाजारात दोन्ही सारख्याच दिसतात. मोटर नसलेली या कॅमेऱ्यांवर छान बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो, आणि उडत्या पक्ष्यावर ते जमत नाही. शिवाय या स्वस्त लेन्समध्ये हात हलला तर सावरणारी सोयही नाही. ती सोय असेल तर टॅमरॉनच्या लेन्सवर व्हीसी आणि सिग्माच्या लेन्सवर ओएस अशी अक्षरं असतात. ती आधी शोधा.

तिसरी पायरी आकड्यांची. लेन्सवरचे मिलिमीटर म्हणजे तिची पोच. साध्या कॅमेऱ्यातला लहान सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. बांधापासून पक्षी ३० मीटरवर आहे असं धरा. ३०० मिलिमीटरला चौकटीत साधारण २ मीटर ३५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा येतो, ४०० ला पावणेदोन मीटर, ६०० ला सव्वा मीटरहूनही थोडा कमी. शेकाट्या जेमतेम हातभर लांब. म्हणजे ३०० ला तो चौकटीत एकटाच पडतो, ४०० ला पक्षी म्हणून ओळखू येतो आणि ६०० ला त्याचा डोळा दिसतो. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हेच पट्टे दीडपट रुंद होतात. हा हिशेब दुकानात जायच्या आधी करून ठेवा.

मग सरळ ६०० च का घेऊ नये? वजनामुळे. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅमची आहे आणि तिच्या पुढच्या काचेला ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. सिग्माचीच डीएसएलआरसाठीची १००-४०० साधारण १,१६० ग्रॅमची, फिल्टर ६७ चा. कॅमेरा धरून पावणेतीन किलोचं ओझं घेऊन निसरड्या बांधावर तासभर चालून पाहा. कर्नाळ्याच्या किंवा फणसाडच्या चढावर तर हात भरून येतात आणि लेन्स पिशवीतच राहते. माझं मत विचाराल तर पहिली मोठी लेन्स १००-४०० असावी. खाडीतले लांबचे पक्षी हाच ध्यास असेल आणि ट्रायपॉड नाहीतर एकपायी मोनोपॉड न्यायची तयारी असेल, तरच ६०० घ्या.

चौथी पायरी उजेडाची. लेन्सवर एफ/५-६.३ असं लिहिलेलं असतं. हा लेन्सच्या आतल्या छिद्राचा आकडा. आकडा जितका मोठा तितका आत येणारा उजेड कमी. एफ/२.८ च्या तुलनेत एफ/६.३ ला उजेड पाचपट कमी मिळतो. खाडीवर सकाळच्या उन्हात हे जाणवणारही नाही, पण फणसाडमध्ये झाडांच्या गच्च छपराखाली लगेच जाणवतं. शेकरू उडी मारतो तेव्हा शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास हवं, आणि ते साधायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, इतकी वाढवावी लागते की फोटोत दाणे येतात. व्हीसी किंवा ओएस आपला हात सावरतं, शेकरूला थांबवत नाही. पालखीचे फोटो अंधार पडल्यावर काढायचे असतील तर पोच विसरा आणि ७०-२०० एफ/२.८ पाहा. टॅमरॉन आणि सिग्मा दोघांकडेही आहे.

पाचवी पायरी खरेदीची. दिवा-रोहा गाडीने किंवा एसटीने मुंबई गाठून फोर्टातल्या बोरा बाजारात जाणार असाल तर आपला कॅमेरा आणि भरलेली बॅटरी सोबत न्या. लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहा. झूम पूर्ण लांब करा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि समोरच्या इमारतीवरच्या पाटीवर दहा फोटो काढा. दहापैकी आठ-नऊ धारदार आले पाहिजेत. नळी जमिनीकडे धरा. ती आपोआप घसरत बाहेर येत असेल तर कुलपाचं बटण नीट बसतं का ते बघा. बिलावर लेन्सचा क्रमांक आणि भारतातली वॉरंटी मागा. ती नसलेली आयात लेन्स स्वस्त मिळते, पण पुढे दुरुस्तीचा सगळा खर्च आपल्याच माथी येतो.

जुनी लेन्स असेल तर मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून आत टाका आणि पुढून तिरपं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.

आता पहिली सकाळ. बऱ्याच जणांचा इथे हिरमोड होतो आणि बिचारी लेन्स परत जाते. बांधावर अकरा वाजता काढलेले फोटो मऊ, पाण्याखालून काढल्यासारखे दिसतात. त्यात लेन्सचा काही दोष नसतो. उन्हाने तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि लांब झूम ती थरथरही मोठी करून दाखवते. सूर्य वर आल्या आल्या, चिखल गार असताना काढलेले फोटो पाहूनच निर्णय घ्या. तेव्हाही डीएसएलआरवर फोकस सतत पक्ष्याच्या पुढे किंवा मागे पडत असेल तर सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल ही छोटी यंत्रं ज्या लेन्सना चालतात, त्यांचा फोकस संगणकावरून जुळवून देतात. स्वस्त काचेचा फिल्टर लावला असेल तर आधी तो काढून पाहा. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

घरी आल्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर नळीवरून मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा आणि कोरड्या कापडाने टिपून घ्या.

राहता राहिला आपला पाऊस. माझी पहिली टेलिफोटो लेन्स जूनमध्ये चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवली होती. गणपतीला बाहेर काढली तर मधल्या काचेवर नखाएवढी पांढरी चांदणी उमटली होती. साफ करून घेतली, तरी डाग पूर्ण गेला नाही, आणि उन्हाकडे तोंड केलं की आजही फोटो फिका येतो. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून लेन्स त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची मोठी पुडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० च्या मध्ये असू द्या. डांबराच्या गोळ्या मात्र त्यात कधीच टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्या, निळे झाले की पूर्ण गार करा आणि मगच डब्यात ठेवा. आषाढ-श्रावणात हे दर पंधरवड्याला करावं लागतं. त्याच वेळी लेन्स बाहेर काढून झूम चार-सहा वेळा मागेपुढे फिरवा आणि टॉर्च लावून आतली काच एकदा बघून घ्या.